ज्या बायकांना वकील करता येत नव्हता, त्यांच्या इस्टेटी वाचवायला नाशिकची कॉर्नेलिया सोराबजी गेली

घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्यानंतर एक प्रश्न येतोच. जमीन, घर, पैसे यांचं आपापसात मिटवायचं की वकील करायचा? घरातलेच तर आहेत सगळे, फी कशाला घालवायची, असं कोणीतरी म्हणतंच.

सव्वाशे वर्षांपूर्वी बंगालमधल्या जमीनदारांच्या विधवांपुढे हा प्रश्न यायचाच नाही. त्या पडद्यात राहायच्या, परक्या पुरुषाशी बोलायच्या नाहीत आणि वकील तर सगळे पुरुषच. मग वकील करणार कोण? दीर, नाहीतर दिवाण. म्हणजे जिच्या हक्कावर डोळा, तिचा वकीलही त्यांनीच नेमायचा.

ही कोंडी फोडणारी बाई आपल्या नाशिकची.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ चा. वडील पारशी, पण ख्रिस्ती झालेले. आईने पुण्यात शाळा काढल्या. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. पहिल्या आल्या म्हणून इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, ती बाई म्हणून नाकारली. तिकडच्या हितचिंतकांनी पैसे जमवले, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये कायद्याची बीसीएल परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरल्या. पदवी हातात पडायला मात्र पुढची तीस वर्षं लागली, कारण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं.

परत आल्यावर तेच. १८९७ मध्ये मुंबईची एलएलबी, १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा. पास सगळीकडे, सनद कुठेच नाही.

पण या धडपडीत त्यांना पडद्याआडचं जग दिसलं होतं. बंगालच्या हिंदू कायद्यात मुलगा नसेल तर नवऱ्याची मालमत्ता विधवेकडे यायची, तीही फक्त हयातीपुरती. ती गेली की इस्टेट नवऱ्याच्या पुढच्या वारसांकडे. तिने नवऱ्याच्या परवानगीने मुलगा दत्तक घेतला, तर भाऊबंदांचा पत्ता कट. आता विचार करा, अशा घरात तिच्यापुढे कागद आला की तो कोणाच्या सोयीचा असेल? वाचता येत नाही, विचारायला कोणी नाही, अंगठा उठवायचा.

कोर्टांनाही हे कळत होतं. पडदानशीन बाईने केलेला दस्त असेल तर तो तिला नीट समजला होता, हे त्या दस्ताचा फायदा घेणाऱ्याने सिद्ध करायचं, असा नियम न्यायालयं पाळत होती. नियम चांगला, पण तो कामाला यायला बाईने आधी कोर्टापर्यंत पोचायला हवं ना!

म्हणून कॉर्नेलियांनी सरकारकडे मागणी लावून धरली की या बायकांसाठी स्त्री कायदा सल्लागार नेमा. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने त्यांना नेमलं. नाव कोर्टाचं असलं तरी हे खातं होतं. वारस अज्ञान असेल किंवा मालकीण कारभार पाहायला असमर्थ ठरवली गेली, तर सरकार इस्टेट ताब्यात घेऊन सारा वसूल करायचं, कर्ज फेडायचं, वारसाला शिकवायचं. पुढे बिहार, ओरिसा, आसामही त्यांच्याकडे आले. दूरदूरच्या हवेल्यांत जायचं, जनान्यात बसायचं, बाईचं म्हणणं तिच्याच तोंडून ऐकायचं आणि ते साहेबांच्या भाषेत कागदावर उतरवायचं. साधं वाटतं, पण हे करू शकणारं दुसरं कोणी नव्हतं. वीसेक वर्षांत सहाशेच्या वर बायका-मुलांना त्यांनी मदत केली असं मानतात, काहींना तर फी न घेता.

बरं, त्या सगळ्यांना आवडाव्यात अशा नव्हत्या. इंग्रजी राज्याच्या समर्थक, गांधीजींच्या विरोधक. कॅथरीन मेयोच्या वादग्रस्त पुस्तकाची बाजू घेतली आणि इथला बराचसा मान गमावला. आज त्यांचं नाव आपल्याकडे कमी ऐकू येतं, त्यामागे हेही एक कारण असावं.

१९२३ मध्ये कायदा बदलला आणि बायकांना वकिली खुली झाली. कॉर्नेलिया तेव्हा सत्तावन्नच्या घरात. कोलकात्यात सनद घेऊन त्या उभ्या राहिल्या, पण वाट्याला आलं ते बहुतेक कागदावर मत लिहून द्यायचं काम, युक्तिवाद पुरुषच करायचे. १९२९ मध्ये त्या निवृत्त होऊन लंडनला गेल्या आणि १९५४ मध्ये तिथेच वारल्या.