कसब्याचा वाडा आणि शंभूराजे

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा इतिहास लिहावा असं मनात होतं. पण गेल्या वर्षी सिनेमा बघून आलेली आपली बिल्डिंगमधली मुलं मला विचारू लागली, आजोबा, महाराजांना पकडलं तो वाडा कुठे आहे? शास्त्री पुलापासून आत वळलं की कसबा, हे सांगितल्यावर त्यांना खरंच वाटेना. तेव्हा टाकी राहू दे. ज्या माणसाचं नाव आपल्या गावाशी कायमचं जोडलं गेलं, त्याचं आयुष्य लिहितो.

संभाजीराजांचा जन्म 14 मे 1657 चा, किल्ले पुरंदरावरचा. दोन वर्षांचे होतात न होतात तोच आई सईबाई गेल्या. कापूरहोळच्या धाराऊने दूध पाजलं, आजी जिजाबाईंनी वाढवलं. नवव्या वर्षी वडिलांबरोबर आग्र्याला. तिथून सुटताना शिवाजी महाराजांनी मुलाला मथुरेत ठेवलं आणि तो वाटेत वारल्याची आवई उठवली. पोर परक्या मुलखात, परक्या घरात, आणि इकडे मृत म्हणून जाहीर. काही आठवड्यांनी ते सुखरूप राजगडला पोचले. आपल्या नातवंडांना आपण एकटं चिपळूणला पाठवत नाही.

आता आपल्या भागाचा संबंध. राणी येसूबाई या शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या. शृंगारपूर म्हणजे आपल्याच तालुक्यातलं, प्रचितगडाच्या पायथ्याचं. शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर गेले त्या काळात युवराजांचा मुक्काम तिथे होता. त्यांनी संस्कृतात बुधभूषण हा ग्रंथ रचला, ब्रज भाषेतही रचना केल्या. लोकांना वाटतं संगमेश्वर म्हणजे फक्त महाराज पकडले गेले ती जागा. पण हा मुलूख त्यांची सासुरवाडी होती, ओळखीचा, विश्वासाचा. हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

1678 च्या डिसेंबरात ते दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभराने परत आले. हे झाकायचं काही कारण नाही. घरातले रुसवे आणि दरबारातली कारस्थानं यात विशी-बाविशीतला मुलगा चुकला, आणि आपल्या पायांनी परतला. 3 एप्रिल 1680 ला महाराज गेले. पुढे वारसाच्या तंट्यातून वाट काढत 16 जानेवारी 1681 ला रायगडावर त्यांचा राज्याभिषेक झाला.

मग आठ वर्षं उसंत नाही. बुऱ्हाणपूरवर धाड, जंजिऱ्याच्या सिद्दीशी झुंज, 1683 मध्ये गोव्याच्या पोर्तुगिजांवर चाल. नाशिकजवळचा छोटासा रामसेज मोगलांना वर्षानुवर्षं दाद देईना. खुद्द औरंगजेब दक्षिणेत उतरलेला. 1686 ला विजापूर बुडालं, 1687 ला गोवळकोंडा, आणि त्याच सुमारास वाईच्या लढाईत सरसेनापती हंबीरराव मोहिते पडले. आता बादशहाला एकच शत्रू उरला होता.

1688 च्या अखेरीस कवी कलश आणि शिर्के यांच्यात उघड लढाई जुंपली. महाराज कलशाच्या मदतीला आले, खेळणा म्हणजे विशाळगडावर राहिले आणि रायगडाकडे परतताना कसब्यात थांबले. सरदेसायांच्या वाड्यात, असं परंपरा सांगते. कोल्हापूरकडे असलेला मुकर्रबखान मोजके स्वार घेऊन सह्याद्रीच्या आडवाटांनी उतरला. 1 फेब्रुवारी 1689. म्हाळोजी घोरपडे लढता लढता पडले, कलश जखमी झाला, महाराज हाती लागले. फितुरी कोणाची? गणोजी शिर्क्यांचं नाव घराघरांत घेतलं जातं, पण त्याला भक्कम समकालीन पुरावा नाही, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. बँकेत सदतीस वर्षं काढल्यामुळे व्हाउचर नसलेली नोंद मी कोणाच्या नावे टाकत नाही.

तिथून बहादूरगड, मग भीमेकाठी तुळापूर. 11 मार्च 1689 ला हाल करून त्यांना मारलं. वय अवघं एकतीस. त्या हालांची वर्णनं मुलांनी पडद्यावर पाहिलीच आहेत, मी इथे लिहीत नाही. वढू बुद्रुकला समाधी आहे. औरंगजेब त्यानंतर अठरा वर्षं झगडला, 1707 ला अहमदनगरजवळ मेला, दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही.

मला मात्र आठवण येते ती येसूबाईंची. नवरा गेला, मुलगा शाहू सात वर्षांचाही नाही. त्यांनी आपल्या मुलासाठी हट्ट न धरता दीर राजारामांना गडाबाहेर काढलं आणि स्वतः रायगड लढवला. गड पडल्यावर कैद. शाहू 1707 मध्ये सुटले, त्या 1719 मध्ये. जवळजवळ तीस वर्षं! शृंगारपूरची मुलगी ती.

2025 च्या राज्य अर्थसंकल्पात संगमेश्वरला महाराजांचं स्मारक करण्याची घोषणा झाली. कसब्यात जुनं स्मारक आहेच, कर्णेश्वराचं देऊळ आहे, शास्त्री आणि अलकनंदेचा संगम आहे. यंदाची सोसायटीची सहल महाबळेश्वरऐवजी तिकडे न्यावी, अशी समितीला विनंती. शृंगारपूरही त्यात धरा. डबे घरून नेऊ, आणि माझे गुडघे साथ देतील तिथपर्यंत मी मुलांबरोबर चालेन.