पेरी मेसनचा जन्मदाता : अर्ल स्टॅन्ले गार्डनर

खटला हातातून गेल्यात जमा असतो. सरकारी वकील समाधानाने कागदपत्रे आवरत असतो आणि आरोपीच्या डोळ्यांतली आशा मावळलेली असते. तेवढ्यात बचाव पक्षाचा रुंद खांद्यांचा, धीरगंभीर वकील उठून साक्षीदाराला आणखी काही प्रश्न विचारतो आणि पाहता पाहता खऱ्या गुन्हेगाराचा धीर सुटतो. अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर १९५७ ते १९६६ अशी नऊ वर्षे चाललेल्या ‘पेरी मेसन’ या कृष्णधवल मालिकेने हे दृश्य घराघरांत नेले. आपल्याकडे मात्र पेरी मेसनची ओळख झाली ती प्रामुख्याने पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आणि वाचनालयांच्या फळ्यांवरून. या न हरणाऱ्या वकिलाला जन्म देणारे अर्ल स्टॅन्ले गार्डनर स्वतः वकील होते आणि निरपराध माणसालाही न्यायालयात शिक्षा होऊ शकते, याची त्यांना पुरेपूर जाणीव होती.

गार्डनर यांचा जन्म १७ जुलै १८८९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील माल्डन या गावी झाला. वडील खाण अभियंता असल्याने कुटुंबाने अनेक ठिकाणी बिऱ्हाड हलवले आणि अखेर ते कॅलिफोर्नियात स्थिरावले. मुलगा बंडखोर निघाला. इंडियाना राज्यातील व्हॅलपरायझो विद्यापीठात कायद्याच्या शिक्षणासाठी तो दाखल झाला खरा, पण मुष्टियुद्धाच्या नादापायी महिनाभरातच तेथून बाहेर पडला. पुढे वकिलाच्या कार्यालयात काम करीत त्याने स्वतःच कायद्याची पुस्तके वाचून काढली आणि १९११ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियाची सनद मिळवली.

ऑक्सनार्ड या लहानशा शहरात त्यांच्याकडे येणारे अशील बहुधा गरीब असत. त्यांत चिनी स्थलांतरितांचा भरणा मोठा होता. समाजात त्यांना मान नव्हता आणि न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहायला फारसे कोणी तयार नसे. गार्डनर उभे राहिले. बेकायदा सोडतीची तिकिटे विकल्याच्या आरोपावरून पोलीस काही चिनी दुकानदारांना पकडणार असल्याचे कळताच, त्यांनी या मंडळींना एकमेकांच्या दुकानांत बसवल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. पोलिसांनी दुकान पाहून अटक केली आणि वॉरंटवरचे नाव व पकडलेला माणूस यांचा मेळच बसला नाही! कायद्याच्या चौकटीत राहून डाव उलटवण्याची ही हातोटी पुढे पेरी मेसनच्या अंगी पुरेपूर उतरली.

मधली काही वर्षे त्यांनी विक्री व्यवसायात घालवली आणि १९२१ मध्ये व्हेंच्युरा येथे पुन्हा वकिली सुरू केली. त्याच सुमारास त्यांनी स्वस्त मासिकांसाठी कथा लिहायला घेतल्या. दिवसभर न्यायालय आणि रात्री टंकलेखन यंत्र, असा दिनक्रम सुरू झाला. रोज ४,००० शब्द लिहिल्याशिवाय झोपायचे नाही, हा त्यांचा नेम होता. दोन बोटांनी टंकलेखन करता करता बोटांची सालटी निघत, तरी नेम मोडत नसे. कथा सतत परत येत, पण ‘ब्लॅक मास्क’ या गाजलेल्या रहस्यकथा मासिकाचे दार १९२३ मध्ये उघडले. मासिके शब्दांच्या हिशेबाने पैसे देत. त्यामुळे गार्डनर यांचा नायक पहिल्या पाच गोळ्या वाया घालवून सहाव्या गोळीलाच खलनायकाला टिपतो, अशी थट्टा होई.

पुढे ते कथा तोंडी सांगू लागले आणि त्यांच्या सचिव त्या टंकलिखित करू लागल्या. या सचिवांमध्ये जीन बेथेल प्रमुख होत्या. मेसनची निष्ठावान सचिव डेला स्ट्रीट हिच्यात अनेकांना त्यांचीच छाया दिसते.

अनेक प्रकाशकांनी नाकारलेली ‘द केस ऑफ द व्हेल्व्हेट क्लॉज’ ही पहिली मेसन कादंबरी विल्यम मॉरो या प्रकाशनसंस्थेने १९३३ मध्ये काढली. नायकाचे नाव गार्डनर यांनी बालपणी वाचलेल्या ‘यूथ्स कम्पॅनियन’ या नियतकालिकाच्या प्रकाशक कंपनीवरून घेतले होते. या वकिलावर पुस्तकांची मालिकाच लिहावी, ही प्रकाशक थेअर हॉब्सन यांची सूचना गार्डनर यांना मानवली. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्या धरून मेसनच्या एकूण ८२ कादंबऱ्या निघाल्या. शिवाय ए. ए. फेअर या टोपणनावाने त्यांनी बर्था कूल आणि डोनाल्ड लॅम या गुप्तहेर जोडीच्या कथा लिहिल्या त्या वेगळ्याच.

यश आले तसे चित्रपटवालेही आले. वॉर्नर ब्रदर्सने १९३४ ते १९३७ या काळात मेसनवर सहा चित्रपट काढले. त्यांत आपल्या नायकाचे झालेले रूपांतर गार्डनर यांना मुळीच रुचले नाही. त्यानंतर नभोवाणीवर १९४३ पासून बारा वर्षे मेसनची मालिका चालली, पण तिच्यातील कौटुंबिक भावनाट्याचा सूर त्यांना खटकत राहिला. म्हणूनच दूरचित्रवाणीच्या वेळी त्यांनी सूत्रे आपल्या हाती ठेवली. साहित्य व्यवहार पाहणारे कॉर्नवेल जॅक्सन आणि त्यांच्या पत्नी, पूर्वाश्रमीच्या अभिनेत्री गेल पॅट्रिक जॅक्सन यांच्यासह त्यांनी ‘पैसानो प्रॉडक्शन्स’ ही कंपनी काढली. पटकथा गार्डनर स्वतः तपासत आणि कायद्याची चूक दिसली की ती दुरुस्त करायला लावत.

मेसनच्या भूमिकेसाठी निवड झाली ती रेमंड बर यांची. तोवर ते प्रामुख्याने खलनायक म्हणून ठाऊक होते आणि सुरुवातीला त्यांचा विचार सरकारी वकील हॅमिल्टन बर्गरच्या भूमिकेसाठी होत होता. बार्बरा हेल यांनी डेला स्ट्रीट, विल्यम हॉपर यांनी गुप्तहेर पॉल ड्रेक, तर विल्यम टॉलमन यांनी सतत हरणारा बर्गर रंगवला. २१ सप्टेंबर १९५७ रोजी पहिला भाग प्रक्षेपित झाला आणि मालिका संपेपर्यंत २७१ भाग झाले. यातील बहुतेक भागांत दिसते ती मुख्य खटल्याआधीची प्राथमिक सुनावणी. आरोपीवर खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, एवढेच तेथे न्यायाधीश ठरवतात. बारा ज्युरींची गरज नसल्याने कथा आटोपशीर राही आणि निर्मितीचा खर्चही वाचे.

पडद्याबाहेरही एक प्रसंग घडला. १९६० मध्ये एका मेजवानीवर पोलिसांचा छापा पडला आणि त्यात टॉलमन सापडले. न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, तरीही वाहिनीने नैतिकतेच्या अटीवर बोट ठेवून त्यांना काढून टाकले. दोष सिद्ध होईपर्यंत प्रत्येक जण निर्दोष, हे तत्त्व दर आठवड्याला सांगणाऱ्या मालिकेतच हा अन्याय व्हावा, हा विरोधाभास गार्डनर आणि प्रेक्षकांच्याही लक्षात आल्यावाचून राहिला नाही. टॉलमन यांना परत घेण्यासाठी दबाव वाढला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा न्यायालयाच्या दृश्यात दिसू लागले.

गार्डनर यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे काम मात्र कल्पित वकिलाचे नव्हते. चाळीसच्या दशकात कॅलिफोर्नियात एका मजुराला मुलीच्या खुनाबद्दल मृत्युदंड झाला होता. त्या खटल्याची कागदपत्रे गार्डनर यांच्याकडे आली. साक्षीदारांनी सांगितलेल्या वेळा त्यांनी एका ओळीत मांडल्या. आरोपी त्या वेळी घटनास्थळी असूच शकत नव्हता, असे त्यांना आढळले. त्यांनी थेट राज्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली. मृत्युदंड टळला आणि त्याचे रूपांतर जन्मठेपेत झाले.

यातूनच १९४८ मध्ये ‘आर्गोसी’ मासिकाचे प्रकाशक हॅरी स्टीगर यांच्या साथीने ‘कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट’ हा उपक्रम उभा राहिला. न्यायवैद्यकतज्ज्ञ, खासगी गुप्तहेर, असत्यशोधक यंत्राचे जाणकार असे अनुभवी लोक त्यात सामील झाले. ज्यांचे सारे अपील संपले आहेत, अशा कैद्यांची प्रकरणे ते नव्याने तपासत आणि निष्कर्ष वाचकांपुढे ठेवत. वॉशिंग्टन राज्यातील तुरुंगात खुनाची शिक्षा भोगणाऱ्या एका लाकूडतोड्याची त्याच वर्षी सुटका झाली. या कामाविषयी गार्डनर यांनी लिहिलेल्या पुस्तकाला १९५३ मध्ये सत्य गुन्हेकथांसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला. मात्र प्रत्येक प्रकरणात यश आले नाही. मेसनला तासाभरात खरा खुनी सापडतो, पण येथे एकेका फाईलमागे महिने जात आणि तोवर साक्षीदार मरून गेलेले असत किंवा पुरावे नष्ट झालेले असत. कादंबऱ्यांच्या अफाट कमाईवर निवांत बसता आले असते, तरी गार्डनर यांनी या कामाला अनेक वर्षे दिली.

टेमेक्युला येथील त्यांच्या विस्तीर्ण शेतमळ्यावर लेखन आणि पाहुणे यांची गर्दी असे. तेथून ते वारंवार मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात भटकंतीला जात. २२ मे १९६६ रोजी मालिकेचा अखेरचा भाग दाखवला गेला, तेव्हा न्यायाधीशाच्या आसनावर स्वतः गार्डनर बसलेले प्रेक्षकांनी पाहिले. पहिली पत्नी नॅटली यांच्यापासून ते तीसच्या दशकापासून वेगळे राहत असले तरी घटस्फोट झाला नव्हता. १९६८ मध्ये नॅटली यांचे निधन झाल्यावर त्यांनी जीन बेथेल यांच्याशी विवाह केला. ११ मार्च १९७० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी बाहा कॅलिफोर्नियाच्या भूमीवर विखुरण्यात आल्या.

पेरी मेसन त्यांच्यानंतरही जगला. १९८५ पासून रेमंड बर यांनी दूरचित्रपटांतून तो पुन्हा साकारला आणि १९९३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत ते त्याच भूमिकेत राहिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी २००९ मध्ये आपल्या नियुक्तीच्या सुनावणीत, बालपणी पाहिलेल्या या मालिकेचा आवर्जून उल्लेख केला. गार्डनर यांची हस्तलिखिते आणि कागदपत्रे ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये जतन केलेली आहेत. गाजलेल्या कादंबऱ्यांच्या बाडांसोबत तेथे ‘कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट’ची कागदपत्रेही आहेत. दाद मागायला दुसरे दार न उरलेल्या कैद्यांसाठी एका रहस्यकथाकाराने काय केले, याची ती साक्ष आहे.