बाबासाहेबांची रोजची लेखणी

दरवर्षी वर्षावासात आम्ही विहारात बसून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतो. पण हा ग्रंथ लिहिताना बाबासाहेबांना किती कष्ट पडले, हे आमच्या पोरांना कोण सांगणार?

परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. पुढे मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राहायचे. वडील सुभेदार रामजीबाबा रात्री दोन वाजता भीमरावांना उठवायचे आणि अभ्यासाला बसवायचे. ठरल्या वेळी बसायचे म्हणजे बसायचेच, ही सवय तिथे लागली. न्यूयॉर्क आणि लंडनच्या ग्रंथालयांत ती पक्की झाली.

सन १९५१ मध्ये त्यांनी हा ग्रंथ लिहायला घेतला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला आपल्या नागसेनवनात राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसली आणि त्याच महिन्यात बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. एकीकडे कॉलेजची उभारणी, एकीकडे ग्रंथ. त्यात मधुमेह आणि पायांच्या असह्य वेदना. तरी लेखणी सुटली नाही. ते हाताने लिहीत आणि नानकचंद रत्तू आपली नोकरी सांभाळून ते टाईप करीत. असे पाच वर्षे चालले. १५ मार्च १९५६ रोजी त्यांनी प्रस्तावना लिहिली, १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा दिली. ५ डिसेंबरच्या रात्रीसुद्धा दिल्लीच्या घरी त्यांनी ग्रंथाची प्रस्तावना आणि परिचय उशाशी मागवून घेतला. पहाटेपूर्वी महापरिनिर्वाण झाले. छापील ग्रंथ १९५७ साली आला. तो काही त्यांना पाहायला मिळाला नाही.

पुढे हा ग्रंथ मराठीत आणणाऱ्यांमध्ये मिलिंदचे पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस हेही होते, ही आपल्या शहराला भूषणावह गोष्ट आहे.

बंधू-भगिनींनो, नागसेनवनात बाबासाहेबांना डोळ्यांनी पाहिलेली आमची बहुतेक वडीलधारी माणसे गेली. त्यांच्या आठवणी आम्ही नुसत्या ऐकल्या, लिहून कोणी ठेवल्या? उद्या लिहू म्हणता म्हणता माणूसच निघून गेला! म्हणून येत्या वर्षावासात प्रत्येक घरात एक वही घ्यावी आणि रोज वंदना झाल्यावर आजी-आजोबांनी सांगितलेले एक पान पोरांनी लिहावे. जमेल तेवढे लिहा, पण रोज लिहा.

जयभीम! नमो बुद्धाय!