स्फटिकातील थंड उजेड : ओलेग लोसेव्ह

पलसाणा-कडोदऱ्याच्या आसमंतात रात्री कोठेही दृष्टी टाकावी, तो इवलेसे दिवे लुकलुकताना दिसतात. यंत्रांच्या खटक्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर, गणेशोत्सवाच्या माळांत, सर्वत्र तेच. आपण त्यांस एलईडी म्हणतो. हा उजेड तापलेल्या तारेचा नव्हे. एका लहानशा स्फटिकातून वीज जाताना तो बाहेर पडतो. या थंड उजेडाचा प्रथम चिकाटीने अभ्यास करणारा मनुष्य वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी अन्नान्न होऊन मरण पावला. त्याचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानी पडले असेल, म्हणून यंदा त्याचेच चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

ओलेग व्लादिमिरोविच लोसेव्ह यांचा जन्म १० मे १९०३ रोजी रशियातील त्व्हेर या गावी झाला. गावात लष्कराचे एक रेडिओ केंद्र होते. शाळेत असताना ओलेगने त्या केंद्राच्या प्रमुखांचे एक जाहीर व्याख्यान ऐकले आणि तेव्हापासून त्याला बिनतारी विद्येचे वेड लागले. पुढे हीच मंडळी निझ्नी नोव्हगोरोद येथील नव्या रेडिओ प्रयोगशाळेत गेली. शालेय शिक्षण संपवून १९२० च्या सुमारास ओलेगही तेथे जाऊन पोहोचला. त्यास प्रथम काम मिळाले ते निरोप्याचे! पण ज्यास प्रयोगशाळेचे दार उघडे मिळाले, त्याने हुद्द्याची चिंता का करावी? प्राध्यापक लेबेडिन्स्की यांनी या मुलाची बुद्धी ओळखली आणि त्यास संशोधनास मोकळीक दिली.

त्या काळी रेडिओ ऐकण्याचे दोन मार्ग होते. श्रीमंतांचा मार्ग निर्वात नळ्यांचा. त्या महाग, आणि त्यांची तार तापविण्यास वीजही पुष्कळ लागे. गरिबांचा मार्ग स्फटिकाचा. गॅलिना किंवा तत्सम खनिजाच्या खड्यावर बारीक तार टेकवावी, की आवाज ऐकू येई. मात्र तो अगदी क्षीण. येथे एक अभिमानाची गोष्ट नमूद करावीशी वाटते. गॅलिनाच्या अशा ग्राहकाचे अमेरिकन पेटंट आपल्या जगदीशचंद्र बोसांच्या नावे आहे. त्याचा अर्ज १९०१ सालचा व मंजुरी १९०४ सालची. पण स्फटिकाने लहरी ओळखता येतात, त्या निर्माण करता येतील हे मात्र कोणाच्या सहसा मनात येत नसे.

१३ जानेवारी १९२२ रोजी एकोणीस वर्षेही पुरी न झालेल्या लोसेव्ह यांनी झिंकाईट या जस्ताच्या खनिजावर टोकदार तार टेकवून, त्यास थोडासा विद्युद्दाब दिला असता, तो खडा स्वतःच आंदोलने निर्माण करू लागल्याचे पाहिले. याचे मर्म झोपाळ्याच्या उदाहरणाने समजेल. झोपाळ्यास एकदा झोका द्यावा; घर्षणामुळे तो हळूहळू थांबतो. प्रत्येक खेपेस नेमक्या वेळी हलका धक्का मिळाला, तरच तो हलत राहतो. कुंडली आणि संधारित्र यांच्या मंडलातही वीज अशीच पुढेमागे झुलते आणि तारेच्या रोधामुळे निमते. साध्या तारेत दाब वाढविला की प्रवाह वाढतो. झिंकाईटच्या त्या बिंदूवर मात्र काही मर्यादेत दाब वाढविला असता प्रवाह उलट घटतो. हा उफराटा गुण मंडलातील रोधाची भरपाई करतो, आणि झोका अखंड चालू राहतो. टॉर्चच्या काही सेलांवर चालणारा, न तापणारा असा हा आंदोलक होता!

या यंत्रास 'क्रिस्टाडाईन' हे नाव पडले. सप्टेंबर १९२४ मध्ये अमेरिकेच्या 'रेडिओ न्यूज' मासिकाने त्याचा मोठा गाजावाजा केला, आणि हौशी मंडळींनी घरोघरी तो जुळवून पाहिला. तथापि ही कीर्ती टिकली नाही. उत्तम झिंकाईट मुख्यतः अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतातच सापडे. लोसेव्ह यांनी विजेच्या प्रज्योतीत जस्ताची भस्मे वितळवून कृत्रिम खडे तयार केले, पण तारेचे टोक जरा हलले की सारे बिघडे. तोवर निर्वात नळ्या स्वस्त झाल्या, आणि लोकांनी स्फटिकाकडे पाठ फिरविली.

लोसेव्ह यांनी ती फिरविली नाही. आमच्या मते त्यांचा खरा मोठेपणा येथेच आहे. १९२३ मध्ये कार्बोरंडमवर, म्हणजे धार लावण्याच्या चाकांत जो पदार्थ असतो त्याच्या स्फटिकावर, पोलादी टोक टेकवून काम करीत असता संपर्काच्या जागी त्यांना मंद उजेड दिसला. इंग्रज अभियंता राऊंड याने १९०७ मध्ये असाच उजेड पाहून चार ओळी छापल्या होत्या, आणि गोष्ट तेथेच राहिली होती. लोसेव्ह यांनी प्रश्न विचारला : हा उजेड तापल्यामुळे तर नाही ना? त्यांनी चकाकणाऱ्या स्फटिकावर चटकन उडून जाणाऱ्या द्रवाचा थेंब ठेवला. तो नेहमीपेक्षा लवकर उडाला नाही. म्हणजे उजेड थंड! किती साधा प्रयोग, आणि किती निर्णायक! हा उजेड अतिशय वेगाने चालू-बंद करता येतो हेही त्यांनी दाखविले, आणि १९२७ मध्ये त्याच्या साहाय्याने संदेश पाठविण्याच्या 'प्रकाश-रिले'साठी पेटंटचा अर्ज केला. प्रकाशाने वीज निर्माण होण्याची जी क्रिया आइन्स्टाईन यांनी उलगडली, तिची ही उलट बाजू असावी, हा त्यांचा तर्कही योग्य दिशेचा होता.

आज हे दोन्ही चमत्कार, आंदोलन आणि उजेड, आपल्या टेबलावर एकत्र पाहता येतात. पांढऱ्या एलईडीस सुमारे तीन व्होल्ट लागतात. भिंतीवरच्या घड्याळातून काढून टाकलेल्या सेलात दीड व्होल्टही उरलेला नसतो. फेराईटच्या लहान कड्यावर दुपदरी तारेचे वीसेक वेढे द्यावेत, एका तारेचे आरंभीचे टोक दुसरीच्या शेवटच्या टोकास जोडावे, आणि एक ट्रान्झिस्टर व हजार ओहमचा रोध घ्यावा. कुंडलीत प्रवाह वाढत जातो, ट्रान्झिस्टर एकाएकी बंद होतो, आणि कुंडलीत साठलेली शक्ती सेलाच्या दाबात भर घालून दिव्यातून निसटते. सेकंदास हजारो वेळा असे घडते. डोळ्यास मात्र दिवा अखंड दिसतो. येथे आंदोलन ट्रान्झिस्टर व कुंडली मिळून घडवितात, झिंकाईटचा उफराटा गुण नव्हे, हा फरक ध्यानात ठेवावा. (कडे जुन्या सीएफएल दिव्यातून काढावयाचे असल्यास वडीलधाऱ्यांस सोबत घ्यावे, काचेच्या नळीत पारा असतो, ती फुटता कामा नये.)

१९२८ मध्ये निझ्नीची प्रयोगशाळा लेनिनग्राडला हलविण्यात आली आणि लोसेव्हही तिकडे गेले. विद्यापीठाची पदवी नसल्याने त्यांची बढती नेहमी अडत असे. अखेर १९३८ मध्ये प्रबंध न घेता केवळ प्रसिद्ध झालेल्या कार्यावरून त्यांस विज्ञानाची उच्च पदवी देण्यात आली. तोवर ते एका वैद्यकीय महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागले होते. स्फटिकास तीन टोके जोडून निर्वात नळीचे काम करून घेता येईल, अशी नोंद त्यांनी १९३९ च्या आत्मवृत्तात केली आहे. अमेरिकेत ट्रान्झिस्टर तयार झाला तो १९४७ च्या डिसेंबरात.

८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा दिला. त्या हिवाळ्यात शहरातील नोकरदारास दिवसाकाठी मिळणारा पाव १२५ ग्रॅमपर्यंत उतरला. लोसेव्ह शहर सोडून गेले नाहीत. नोव्हेंबरात त्यांनी एक लेख शहराबाहेर धाडण्याचा प्रयत्न केला. तो पुढे कोणाच्याही हाती लागला नाही. २२ जानेवारी १९४२ रोजी उपासमारीने त्यांचा अंत झाला. वेढा पूर्णपणे उठण्यास आणखी दोन वर्षे जावी लागली, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या उजेडाचा पहिला उपयुक्त एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी लावला, तो १९६२ साली.