दीडशे स्वारांची रोजी



जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या हौजापाशी मला गाठणाऱ्यांमध्ये मसला विचारणारे जितके असतात, तितकेच हल्ली नोकरीविषयी विचारणारे असतात. वाळूजच्या एका कारखान्यात अनेक वर्षे कंत्राटी कामगार असलेला एक तरुण असाच आला. सौदीला जावे, सासऱ्यांच्या दुकानात बसावे की आहे तिथेच राहावे, हा त्याचा प्रश्न होता. त्याला इस्तिखाऱ्याची रीत हवी होती. ती मी सांगितली; परंतु इस्तिखारा हा हिशोबाला आणि मशवऱ्याला पर्याय नव्हे, हेही सांगावे लागले. तेव्हा मला आपल्या शहराची पायाभरणी करणारे मलिक अंबर आठवले. भडकल दरवाजा आणि नहर यांमुळे आपण त्यांना ओळखतो. त्यांनी चाकरी कशी बदलली, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

त्यांचा जन्म १५४८ च्या सुमारास हबशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. बालपणीचे नाव चापू. गुलाम म्हणून विकले जाऊन, या हातातून त्या हातात जात ते बगदादच्या मीर कासिमकडे पोहोचले. त्याने त्यांना शिक्षण दिले. ते मुसलमान झाले आणि त्यांना अंबर हे नाव मिळाले. पुढे दख्खनमध्ये आणून त्यांना अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगेज खान यांना विकण्यात आले. चंगेज खान स्वतः हबशी आणि एके काळचे गुलाम. त्यांच्या पदरी राहून अंबरांनी राज्यकारभार जवळून पाहिला. गुलामगिरीची तुलना आपल्या नोकरीशी करणे अनुचित ठरेल, आणि मी ती करीत नाही. एवढेच ध्यानात घ्या की या काळात जे शिकावे लागले, ते त्यांनी निवडलेले नव्हते. तरीही ते त्यांच्या हाती कायम राहिले.

१५७५ च्या सुमारास चंगेज खानांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नीने अंबरांना मुक्त केले. आता प्रथमच कोणाची चाकरी करावी, हे त्यांचे त्यांना ठरवायचे होते. ते शिपाईगिरीकडे वळले आणि विजापूरच्या आदिलशाहीत गेले. तेथे त्यांना मलिक हा किताब मिळाला, हाताखाली एक तुकडी आली. सुमारे वीस वर्षे अशी गेली.

वाचकहो, १५९५ मध्ये त्यांच्यापुढे जो पेच होता, तो जरा नीट पाहा. वय पन्नाशीकडे झुकलेले. विजापूर संपन्न होते, गादी स्थिर होती. उलट अहमदनगरचा सुलतान मरण पावलेला, गादीवर हक्क सांगणारे अनेक, आणि उत्तरेकडून मोगलांची फौज चालून येत होती. घरातील कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाने विजापूर सोडू नकोस, असेच सांगितले असते. परंतु विजापूरकडून तुकडीच्या खर्चास पुरेसा पैसा मिळत नव्हता. त्या काळी सरदाराची चाकरी एकट्याची नसे. स्वाराचे वेतन, घोड्याचे दाणावैरण, त्या स्वाराच्या घरची चूल, हे सारे सरदाराच्या मिळकतीवर अवलंबून असे. किताब अंबरांना मिळाला होता, पण त्याने स्वारांचे पोट भरत नव्हते. त्यांनी चाकरी सोडली आणि सुमारे दीडशे स्वार घेऊन ते अहमदनगरच्या मुलखात परतले. तेथे अभंग खान या हबशी सरदाराच्या बाजूने उभे राहिले. केवळ पैसाच पाहायचा असता तर मोगलांची वाट मोकळी होती. दख्खनचे कितीतरी सरदार त्या वाटेने गेले. अंबर गेले नाहीत. तेथील माणसे, डोंगर आणि वाटा त्यांना ठाऊक होत्या, आणि मला वाटते, हेच त्यांचे खरे भांडवल होते.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. अंबरांनी निजामशाही घराण्यातील एका मुलाला परांड्याच्या किल्ल्यात मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवले आणि कारभार हाती घेतला. दीडशेचे हजारो झाले. येथे चंगेज खानांच्या पदरी झालेली उमेदवारी कामाला आली. मक्त्याने महसूल गोळा करण्याची पद्धत त्यांनी मोडली, जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवला. तलवारीच्या चाकरीत असतानाही हिशोबाचा हात गेला नव्हता.

मात्र नवी वाट सुखाची होती, असे समजू नका. १६१० मध्ये खडकी येथे त्यांनी हे शहर वसवले, डोंगरातील पाणी जमिनीखालील खापरी नळांतून आणले. १६१६ मध्ये रोषणगावच्या लढाईत पराभव झाला आणि मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. अंबर तेव्हा जवळजवळ सत्तरीचे होते. ते पुन्हा उभे राहिले आणि १६२४ मध्ये भातवडीला मोगल व विजापूर यांच्या एकत्रित फौजेला हरवले. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्यांनी विजापूर सोडले, त्यांनाही लोकांनी सोडले. लखुजी जाधवराव मोगलांकडे गेले. भातवडीच्या विजयात सहभागी असलेले शहाजीराजे नंतर विजापूरकडे गेले. त्यांचेही आपापले हिशोब होते, त्यांच्यावरही माणसे अवलंबून होती. चाकरी सोडणारा प्रत्येक जण बेइमान ठरवण्याची आपली घाई येथे अडखळते.

१६२६ मध्ये मलिक अंबर वारले. खुलताबादला त्यांची कबर आहे, आणि जवळच त्यांच्या पत्नी बीबी करीमा यांची. पुत्र फतेह खान यांच्या नावावरून खडकीला फतेहनगर म्हटले गेले. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि हेच फतेह खान पुढे मोगलांच्या तनख्यावर राहिले.

तो तरुण मागच्या जुम्म्याला पुन्हा भेटला. व्हिसाविषयी काही बोलला नाही. एजंटाला द्यायच्या पैशांपैकी कर्ज किती, ते किती महिन्यांत फिटणार आणि तोवर आईच्या औषधांना काय उरणार, हे लिहिलेला एक कागद त्याने खिशातून काढला. खालच्या दोन आकड्यांवर त्याच्या पत्नीने काट मारून नवे आकडे लिहिले होते.