आर्सचे संत जॉन मेरी व्हियानी

संत जॉन मेरी व्हियानी यांचा जन्म १७८६ साली फ्रान्समध्ये झाला. राज्यक्रांतीच्या काळात धर्मगुरूंना लपूनछपून सेवा द्यावी लागे. १७९९ साली व्हियानींनी पहिले ख्रिस्तशरीर स्वीकारले तेही एका घरात, खिडक्या बंद करून. बाहेर गवताने भरलेल्या गाड्या आडोशाला लावल्या होत्या. १८१८ साली ते आर्स या लहानशा धर्मग्रामात आले. पुढे दूरदूरचे लोक पापनिवेदनासाठी तेथे येऊ लागले. फादर रोज १६-१६ तासही त्यांचे ऐकत बसत. १८५९ साली ते देवाघरी गेले. १९२५ साली त्यांना संतपद मिळाले.

आपल्याला ख्रिस्तशरीर उघडपणे, दर रविवारी मिळते. म्हणूनच आपण सहज रांगेत उभे राहतो. मनावर गंभीर पाप असेल, तर आधी पापनिवेदन करू या, मगच ख्रिस्तशरीर स्वीकारू या.