उशिरा गिरवलेली अक्षरे

श्रीमंत सयाजीराव महाराजांचे चरित्र सांगायचे, तर लक्ष्मीविलास राजवाड्यापासून आरंभ करावा, अशी आपल्या बडोद्यात जणू रीतच आहे. मला मात्र पलसाण्यापासून आरंभ करावासा वाटतो. आज सुरत जिल्ह्यात मोडणारे हे गाव १९४९ पर्यंत बडोदे राज्याच्या नवसारी प्रांतातील तालुक्याचे ठिकाण होते. या प्रांतात गायकवाडी आणि इंग्रजी मुलूख एकमेकांत गुंतलेले होते. १९०६ साली महाराजांनी सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा गायकवाडी गावच्या कुणब्याच्या पोराला पाटी हाती घेणे भाग पडले. सरहद्दीपलीकडच्या इंग्रजी गावात मात्र असा कायदा नव्हता.

ही तळमळ कोठून आली? माझ्या मते तिचे मूळ कवळाण्यात आहे. नाशिक जिल्ह्यातील या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळ काशीराव गायकवाड हा शेतकऱ्याचा मुलगा. मल्हारराव पदच्युत झाल्यावर, २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले. तेव्हा बारा वर्षांच्या त्या मुलाला अक्षरओळखही नव्हती. पुढील सहा वर्षे इलियट साहेबांच्या हाताखाली अध्ययनात गेली आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सूत्रे त्याच्या हाती आली. उशिरा अक्षरे गिरवण्याचे कष्ट काय असतात, हे हा राजा स्वानुभवाने जाणत होता.

म्हणूनच त्यांनी घाई केली नाही. १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रयोग केला, अडचणी पाहिल्या, आणि तेरा वर्षांनी कायदा सर्वत्र नेला. अडचणी थोड्या नव्हत्या. शेतात राबणारे पोर शाळेत गेले की घरचे दोन हात कमी होत. गैरहजेरीचा दंड गरिबाला जाचक वाटे. त्यातून शाळा सुटल्यावर मुले शिकलेले विसरत. ते टिकावे म्हणून महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची चळवळ उभारली. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडणारी शिष्यवृत्तीही याच दृष्टीची.

दैवाने त्यांना सुख मोजूनच दिले. तरुणपणी पत्नी गेली. पुढे फत्तेसिंहराव, शिवाजीराव व जयसिंहराव हे तीन पुत्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. प्रकृतीही साथ देत नव्हती. तरीही हाती घेतलेले काम त्यांनी ६ फेब्रुवारी १९३९ पर्यंत, म्हणजे अखेरच्या दिवसापर्यंत सोडले नाही.

भारतात शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला तो २०१० साली. पलसाण्याच्या मुलांना मात्र शंभर वर्षे आधीच शाळेची वाट दाखवली गेली होती. पुरुषार्थ म्हणजे केवळ अफाट श्रम नव्हेत. आपल्या वाट्याला आलेली उणीव दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी आयुष्य वेचणे, हाच पुरुषार्थ असे मी मानतो.